जुनिपर, सेजब्रश आणि न चरलेलं माळरान

शुक्रवार : हिल्सबरो ते मॅड्रस

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात राहणारी मराठी मंडळी बेंडला जातात ती बर्फासाठी, नदीसाठी, नाहीतर क्रेटर लेकच्या वाटेवरचा मुक्काम म्हणून. शहराच्या पूर्वेला पसरलेल्या करड्या माळाकडे गाडीतून एक नजर टाकायची आणि "इथे काही नाही" म्हणून पुढे निघायचं, असंच बहुतेकांचं होतं. या खेपेला आम्ही त्या माळासाठीच निघालो. मावशी कोल्हापूरहून आली होती. तिने आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि त्यातही तिचा जीव गवतांवर. धबधबे, नेचे, शेवाळाने मढलेली झाडं हे सगळं तिला दाखवून झालं होतं. "आता तुमच्याकडचं कोरडं रान दाखव," म्हणाली. मे महिन्याचा तिसरा आठवडा होता, म्हणजे त्या रानात जायचे अगदी नेमके दिवस.

हायवे 26 माउंट हूडला वळसा घालून पूर्वेला उतरतो. हूडच्या पश्चिम उतारावर पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं. डग्लस फर आणि हेमलॉकच्या गर्दीत भर दुपारीसुद्धा गाडीचे दिवे लावावेसे वाटतात. खिंड ओलांडली की तासाभरात सगळं पालटतं. आधी पाँडेरोसा पाइन येतात, केशरी सालीचे, एकमेकांपासून अंतर राखून उभे. मग तेही विरळ होतात. वॉर्म स्प्रिंग्जच्या आदिवासी राखीव प्रदेशात उतरताना उजव्या हाताला पहिलं जुनिपर, म्हणजे या कोरड्या रानातलं सदाहरित झाड, दिसलं आणि मॅड्रसपर्यंत त्याची सोबत राहिली. मॅड्रसला वर्षाचं पाणी जेमतेम 250 ते 300 मिलिमीटर. महाबळेश्वरहून म्हसवडला उतरावं तसाच हा प्रवास. फरक एवढाच, की इथे ओलावा येतो तो मुख्यतः हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडाठाक जातो. इथल्या झाडोऱ्याचं सगळं वेळापत्रक या एका गोष्टीवर बेतलेलं आहे. वाढायचं, फुलायचं, बी धरायचं ते एप्रिल ते जून, जमिनीत मुरलेलं बर्फाचं पाणी पुरेल तेवढ्या दिवसांत.

मॅड्रसच्या अलीकडे रस्त्याकडेला थांबलो. मावशी उतरली, सेजब्रशच्या झुडपाशी गेली, एक पान बोटांत चुरलं आणि नाकाशी नेलं. "अगं, हा दवणा!" वास दवण्याइतका गोड नाही, त्यात कापराचा उग्रपणा आहे, पण नातं खरंच आहे. जोतिबाच्या चैत्र यात्रेत वाहतात तो दवणा म्हणजे आर्टेमिसिया पॅलेन्स, आणि अमेरिकेच्या पश्चिमेचं हे झुडूप म्हणजे आर्टेमिसिया ट्रायडेंटाटा. जीनस एकच, जाती वेगळ्या. स्वयंपाकातल्या सेजशी मात्र याचा काही संबंध नाही, ते तुळशीच्या कुळातलं.

ट्रायडेंटाटा म्हणजे तीन दातांचं. पान जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर, देठाशी निमुळतं, टोकाला पसरट, आणि त्या टोकावर तीन बोथट दाते. भिंगातून पाहिलं तर पानभर रुपेरी लव इतकी दाट, की खालचा हिरवा रंग दिसतच नाही. या लवेने ऊन परतवायचं आणि पानातलं पाणी जपायचं. वसंतात या झुडपाला जरा मोठी, मऊ, वेगळ्या आकाराची पानंही फुटतात. ती उन्हाळ्याच्या कडाक्यात गळतात, आणि तीन दातांची बारकी पानं हिवाळाभर टिकतात. आम्ही गेलो तेव्हा दोन्ही तऱ्हेची पानं एकाच फांदीवर होती. मावशीने फांदीला हात न लावता वाकून, मान तिरकी करून बराच वेळ ती पाहिली.

शनिवार : कोव्ह पॅलिसेड्स

डेशूट्स आणि क्रुकेड या नद्या खोल घळींतून येऊन जिथे मिळतात तिथे 1964 मध्ये राउंड ब्यूट धरण झालं आणि बिली चिनूक नावाचा जलाशय तयार झाला. त्याच्या दोन फाट्यांमध्ये उभ्या कड्यांचं एक लांबट पठार उरलं आहे. त्याला इथे नुसतं 'द आयलंड' म्हणतात. सुमारे 12 लाख वर्षांपूर्वी लाव्हा वाहत आला आणि त्याने जुनी घळ भरून टाकली. पुढे नद्यांनी दोन्ही बाजूंनी नवी घळ कोरली, आणि मधला तुकडा तसाच राहिला. वर जेमतेम 200 एकरांची सपाटी.

या 200 एकरांना मोल आलं ते कड्यांमुळे. वर गुरं चढवणं अवघड, त्यामुळे 1920 च्या दशकात थोडा काळ मेंढ्या चरल्या ते सोडलं तर या पठारावर चराई झालीच नाही. आजूबाजूचा सगळा प्रदेश दीडशे वर्षं गुरांनी आणि मेंढ्यांनी ओरबाडला, हे मात्र राहून गेलं. पुढे लोकांचीच वर्दळ वाढली, पायवाटा पडल्या, बुटांबरोबर परकं बी आलं. म्हणून 1997 मध्ये हे पठार सर्वसामान्यांसाठी बंद केलं. 2011 मध्ये त्याला राष्ट्रीय नैसर्गिक वारशाचा दर्जा मिळाला.

जाता येत नाही म्हणून आम्ही टॅम-अ-लाउची पायवाट धरली. सुमारे 600 फूट चढून ही वाट शेजारच्या पठारावर येते आणि त्याच्या कडेकडेने फिरते. चढणीवर बाल्समरूटची पिवळी फुलं उताराला लागली होती, पण ल्युपिन अजून जोरात होतं. वर पोचल्यावर मावशीने दुर्बीण काढली आणि मग अर्धा तास ती जागची हलली नाही.

समोर न चरलेलं पठार आणि पायाखाली चरलेलं. खडक तोच, पाऊस तोच, उंचीही जवळजवळ तीच. समोरच्या पठारावर ब्लूबंच व्हीटग्रासचे गुच्छ एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून वाढलेले, मधे सेजब्रश आणि बिटरब्रशची झुडपं, आणि दूर दूर एखादं जुनं जुनिपर. पायाखाली मात्र गुच्छ कमी आणि मधली सगळी जागा चीटग्रासने भरलेली. चीटग्रास हे युरेशियातून आलेलं वर्षायू गवत. शरदात उगवतं, हिवाळ्यात मुळं वाढवतं, आणि स्थानिक गवतं जागी होईपर्यंत वरच्या थरातलं पाणी पिऊन मोकळं होतं. जूनमध्ये ते वाळून कोळ होतं आणि ठिणगीची वाट पाहत पडून राहतं. इथली मूळची गवतं गुच्छागुच्छाने वाढतात, मधे उघडी जमीन असते, म्हणून आग एका गुच्छावरून दुसऱ्यावर सहज उडी मारत नाही. चीटग्रास ती मधली जागा विणून टाकतं. कधीकाळी कित्येक दशकांनी लागणारी आग काही भागांत आता पाच-दहा वर्षांत परत येते. सेजब्रश आगीनंतर मुळातून फुटत नाही, ते बियांवरूनच यावं लागतं, आणि बीही मातीत फार काळ टिकत नाही. दोन आगी लागोपाठ आल्या की सेजब्रश संपलंच.

"मधली जागा रिकामी आहे म्हणजे तिथे काही कमी आहे, असं वाटतं लोकांना," मावशी म्हणाली. "ती रिकामी असायलाच हवी."

पण ती खरं तर रिकामीही नसते. वाटेच्या कडेला, जिथे कुणाचा पाय पडला नव्हता, तिथे जमीन काळपट आणि खडबडीत होती. हा मातीचा जिवंत पापुद्रा. सायनोबॅक्टेरियाचे चिकट तंतू वाळूचे कण एकत्र बांधतात, त्यावर दगडफूल आणि शेवाळ बसतं. वारा माती उडवत नाही, पाणी तिला वाहून नेत नाही, आणि यातले काही जीव हवेतला नायट्रोजनही जमिनीत आणतात. वाळलेल्या शेवाळाच्या एका चकतीवर बाटलीतले दोन थेंब सोडले. काळी-तपकिरी, मेल्यासारखी दिसणारी पिळदार पानं काही सेकंदांत उलगडली आणि चकती पोपटी झाली. मावशी उकिडवी बसून बघतच राहिली. एक बूट पडला तर हा पापुद्रा सावरायला वर्षानुवर्षं लागतात, काही ठिकाणी दशकं. समोरचं पठार बंद का केलं, हे कुणाला पटवायचं असेल तर त्याला या चकतीपाशी आणून बसवावं.

संध्याकाळी बेंडला पोचलो. गाव सुमारे 3,600 फुटांवर. मे असूनही रात्री पारा शून्याजवळ गेला.

रविवार : बॅडलँड्स

बेंडपासून हायवे 20 ने पूर्वेला पंचवीसेक किलोमीटरवर ओरेगन बॅडलँड्सचं संरक्षित रान आहे, सुमारे 29 हजार एकरांचं. 2009 मध्ये त्याला कायद्याने 'विल्डरनेस'चा दर्जा मिळाला, म्हणजे आत मोटार नाही आणि सायकलही नाही. पायी चालायचं किंवा घोड्यावर. आम्ही फ्लॅटआयर्न रॉककडे जाणारी वाट घेतली. पाणी कुठेही नाही, त्यामुळे पाठीवर घेऊन निघालो.

इथली जमीन म्हणजे न्यूबेरी ज्वालामुखीच्या परिसरातला लाव्हा. वरचा थर थिजल्यावरही आतून लाव्हा येत राहिला, त्यामुळे जमीन जागोजागी फुगली आणि माथ्यावर तडकली. अशा फुगवट्यांच्या मधल्या सखल भागात बारीक, फिकट वाळू साचली आहे. तिच्यात मझामा पर्वताची राख आहे. मझामा म्हणजे जो सुमारे 7,700 वर्षांपूर्वी फुटला आणि कोसळला, आणि ज्याच्या पोटात आज क्रेटर लेक आहे, तो. वाळूत चालताना पाय रुततो, खडकावर चढलं की घसरतो. सगळी वाट अशीच.

इथे लक्ष ठेवून चाललं तर एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते. सगळ्यात जुनी जुनिपर मिळतात ती खडकाच्या तड्यांत, आणि तरुण झाडं मिळतात सखल वाळूत. म्हातारं झाड ओळखायला सोपं. शेंडा टोकदार राहत नाही, पसरट आणि वेडावाकडा होतो. साल तांबूस, खोल चिरांची, दोरासारखी सोलणारी. निम्म्या फांद्या वाळून रुपेरी झालेल्या, कधी कधी अख्खं खोड मेलेलं आणि एका बाजूने सालीची जेमतेम वितभर पट्टी जिवंत, आणि तेवढ्या पट्टीच्या बळावर वरची एक फांदी हिरवीगार. इथली काही झाडं हजार वर्षांच्या पुढची आहेत. असंच एक झाड मला वाटेपासून थोडं आत दिसलं. मावशी त्याच्या सावलीत बसली, डबा उघडला, आणि दशम्या खाता खाता म्हणाली, "ज्ञानेश्वरांच्या वेळी हे मोठं झाड असेल गं." त्या एका झाडाचं वय कुणी मोजलेलं मला माहीत नाही, पण या रानात हे म्हणायला हरकत नव्हती.

जुनी झाडं खडकातच का? आगीमुळे. जिथे माती खोल, तिथे गवत दाट, आणि जिथे गवत दाट तिथे अधूनमधून वणवा. जुनिपरची साल पातळ असते, कोवळं झाड आगीत टिकत नाही. खडकाच्या तड्यात मात्र आग पोचतच नाही, कारण तिथवर पोचवायला गवतच नसतं. म्हणून शेकडो वर्षं जुनिपर खडकावर राहिलं आणि खालची सपाटी गवताची आणि सेजब्रशची राहिली. 1870-80 नंतर मोठाले कळप आले, गवत संपलं, वणवे थांबले, आणि पुढे माणसांनीही ते विझवायला सुरुवात केली. तेव्हा जुनिपर खडकावरून खाली उतरलं. आज पूर्व ओरेगनात जुनिपर दिसतं त्यातली बहुतेक झाडं दीडशे वर्षांच्या आतली आहेत.

मेलेल्या फांद्यांवर एक भडक पोपटी-पिवळं दगडफूल वाढतं, लेथारिया. रंग इतका झगझगीत की लांबून फांदीला कुणी काही बांधलंय असं वाटतं. त्यात व्हल्पिनिक आम्ल असतं, ते विषारी. युरोपात याच्या जातभाईने लांडगे-कोल्हे मारत, म्हणून इंग्रजीत त्याला लांडग्यांचंच नाव पडलं. इथले मूलनिवासी त्यापासून पिवळा रंग काढत.

वाळूत ठेंगण्या मंकीफ्लॉवरचा बहर होता. रोप दोन इंचांचं, त्यावर रोपाएवढंच मोठं गडद गुलाबी-जांभळं फूल, गळ्याशी पिवळे पट्टे. प्रत्येक रोप आपल्याभोवती पुरेशी जागा सोडून उगवलेलं, जणू कुणी मोजून लावली असावीत. पोटावर पडल्याशिवाय ते फूल नीट दिसत नाही. मावशी पासष्टीची आहे, तरी ती पडली.

सेजब्रशच्या बुंध्याशी जाऊन त्याची साल बघा. ती लांब, मऊ पट्ट्यांत सुटते. याच सालीला पीळ देऊन विणलेल्या चपला 1938 मध्ये पुरातत्त्वज्ञ ल्यूथर क्रेसमन यांना फोर्ट रॉकच्या गुहेत मिळाल्या, मझामाच्या राखेच्या थराखाली. नऊ हजार वर्षांहून जुन्या. फोर्ट रॉक इथून फार लांब नाही. म्हणजे या रानाला "इथे काही नाही" म्हणणाऱ्यांच्या कितीतरी आधी इथल्या माणसांनी याच झुडपातून पायताण काढलं होतं.

सोमवार : हॉर्स रिज

या प्रवासाचं खरं कारण हॉर्स रिज. बॅडलँड्सच्या दक्षिणेला, हायवेच्या पलीकडे एक डोंगरधार आहे. तिच्या एका उतारावरचे 600 एकर संशोधनासाठी राखून ठेवले आहेत. 1967 मध्ये त्याला राष्ट्रीय नैसर्गिक वारशाचा दर्जा मिळाला. शेजारच्या टेकाडांवर सायकलवाल्यांच्या वाटा आहेत, तिथे सकाळपासून गर्दी. राखीव भागात आम्हाला दिवसभरात माणूस भेटला नाही.

अशा राखीव तुकड्यांचा हेतू सौंदर्य जपणं हा नाही. बाकीची जमीन किती बिघडली किंवा किती सुधारली हे मोजायला कुठेतरी एक मोजपट्टी लागते, ती ही. माझ्या मते एखाद्या राज्याने राखावी अशी याहून मोलाची जमीन नाही, आणि ती दिसायला अगदी साधी असते. धबधबा नाही, शिखर नाही, फोटोला काही नाही.

वनस्पती-समाजाला इथले अभ्यासक नाव देतात ते तीन मजल्यांचं: वर झाड, मधे झुडूप, खाली गवत. हॉर्स रिजची ओळख म्हणजे जुनिपर, सेजब्रश आणि कॅरेक्स फिलिफोलिया. या तिसऱ्या नावासाठी मावशी आली होती. कॅरेक्स हे आपल्या नागरमोथ्याच्या कुळातलं. फिलिफोलियाची पानं केसासारखी बारीक, गुच्छ पंजाएवढे, आणि मुळं काळी, तारेसारखी चिवट. हे मूळचं मोठ्या मैदानी प्रदेशात, रॉकी पर्वतांच्या पूर्वेला भरपूर. इथे प्यूमिसच्या, म्हणजे ज्वालामुखीतून आलेल्या सच्छिद्र दगडाच्या हलक्या, भुसभुशीत मातीत ते जुनिपरच्या पायाशी अंथरलेलं आहे. एका घसरलेल्या कडेला त्याची मुळं उघडी पडली होती. मावशीने एक मूळ न तोडता बोटाने हलवून पाहिलं. वरचं पान बोटभर, पण खालचा मुळांचा गुंता हातभर खोल, आणि प्यूमिसचा प्रत्येक खडा त्यात अडकलेला.

"गुरं असती तर पहिल्यांदा हेच गेलं असतं," ती म्हणाली. "वसंतात सगळ्यात आधी हेच हिरवं होत असेल ना?" होतं. आणि म्हणूनच चराई नसलेली जागा लागते, हे तिला सांगावं लागलं नाही.

आम्ही उतारावर आडवे चालत राहिलो. वळण घेऊन उत्तरेकडच्या, थंड बाजूला आलं की आयडाहो फेस्क्यूचे निळसर, मऊ गुच्छ सुरू होतात. दक्षिणेच्या तापत्या बाजूला ते मागे पडतात, ब्लूबंच पुढे येतं. पन्नास पावलांत समाज बदलतो. उतार कुठे तोंड करून आहे, बर्फ किती दिवस टिकतं, माती किती खोल आहे, हे सगळं गवताच्या नावात लिहिलेलं असतं. मावशी पुढे, मी मागे. ती नुसती बोट दाखवायची आणि मी सांगायची. दुपारनंतर उलटं झालं. ती गवत बघून मातीचा अंदाज सांगायला लागली, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगत होती.

सेजब्रश या समाजात नुसतं मधल्या मजल्यावर उभं नाही, ते सगळ्यांसाठी काम करतं. त्याची मुळं दोन तऱ्हांची: वर पसरणारी आणि खोल जाणारी. रात्री खोल मुळं खालचं पाणी वर आणतात आणि वरच्या कोरड्या मातीत थोडं सोडतात. 1980 च्या दशकात युटामधल्या संशोधकांनी हे मोजून दाखवलं. शेजारचं गवत त्यातलं पाणी उचलतं. हिवाळ्यात झुडपाच्या आडोशाला बर्फ साचतं, उन्हाळ्यात कोवळी रोपं त्याच्या सावलीत तगतात. डेझर्ट पेंटब्रश नावाचं फुलझाड तर आणखी पुढे जातं. त्याची मुळं सेजब्रशच्या मुळांना भिडून पाणी आणि अन्न ओढतात. लाल पेंटब्रश बहुतेक वेळा सेजब्रशच्या कुशीतून डोकावताना दिसतं ते यामुळे. इथे ते ऐन भरात होतं.

बिटरब्रशही तीन दातांच्या पानांचं, पण ते गुलाबाच्या कुळातलं. त्याच्या मुळांवर फ्रँकिया नावाचे जिवाणू गाठी करतात आणि नायट्रोजन मिळवतात. हरणं हिवाळ्यात यावर जगतात. एके ठिकाणी मावशीला कोवळ्या रोपांचा झुपका दिसला. दहा-बारा रोपं, एकाच चिमटीतून पेरल्यासारखी. खारीने किंवा चिपमंकने बिया पुरून ठेवल्या असणार आणि काढायच्या राहिल्या. बिटरब्रशची लागवड रानात मुख्यतः अशीच होते. जुनिपरची करतात पक्षी. निळसर, पावडर लावल्यासारखी फळं दुसऱ्या वर्षी पिकतात आणि हिवाळ्यात टाउनसेंड सॉलिटेअर नावाचा करडा पक्षी फळांनी लगडलेलं झाड आपलं म्हणून राखत बसतो. दुसऱ्याला फिरकू देत नाही.

राखीव असूनही इथे तरुण, टोकदार शेंड्यांची जुनिपर दिसतात. चराई थांबवली म्हणून वणवे परत येत नाहीत. मावशीने हे लगेच टिपलं. "म्हणजे तुमची मोजपट्टीही वाढतेय थोडी," म्हणाली. खरं आहे. हात न लावता राखणं आणि पूर्वीसारखं राखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हॉर्स रिज पहिल्या तऱ्हेचं आहे.

परतताना राखीव हद्दीबाहेर, रस्त्याकडेला तीन वेगवेगळ्या उंचीवर पडलेली सेजब्रशची पानं गोळा केली. ट्रायडेंटाटाच्या तीन उपजाती इथे महत्त्वाच्या: खोल मातीतली उंच 'बेसिन', कोरड्या उथळ मातीतली 'वायोमिंग' आणि उंचावरची 'माउंटन'. दिसायला सारख्या, पण जमीन दुरुस्त करताना भलत्या उपजातीचं बी टाकलं तर ते लागत नाही. ओळखायची एक जुनी युक्ती आहे. मोटेलच्या खोलीत तीन काचेच्या पेल्यांत पाणी घेतलं, पानं चुरून टाकली, दिवा मालवला आणि नोटा तपासायची असते तसली अतिनील बॅटरी मारली. खालच्या रस्त्याकडची दोन पेल्यांतली पानं फिकी राहिली. वरच्या उताराचा पेला निळा उजळला. माउंटन. मावशीने बॅटरी माझ्या हातून घेतली आणि पुन्हा एकदा तिन्ही पेल्यांवरून फिरवली.

मंगळवार : क्रुकेड रिव्हर ग्रासलँड आणि परत

परतीच्या वाटेवर मॅड्रसच्या दक्षिणेला क्रुकेड रिव्हर नॅशनल ग्रासलँड लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे शेतकऱ्यांनी कोरडवाहू गहू केला, पाऊस फिरला, लोक जमिनी सोडून गेले, आणि 1930 च्या दशकात सरकारने त्या विकत घेतल्या. आज इथे जुनिपर तोडतात. हॉर्स रिजनंतर हे बघायला धीर लागतो. उताराच्या उतार बुंध्यापासून कापलेले, लालसर लाकूड उघडं, वासाने हवा भरलेली.

पण बुंधे वाकून पाहिले तर सगळे सरळ वाढलेले, सडपातळ, तरुण. फांद्या पसरलेलं जुनं झाड मधेच एखादं राखलेलं. क्रुक काउंटीतल्या कॅम्प क्रीक भागात ओरेगन स्टेट विद्यापीठाचा एक दीर्घ अभ्यास चालू आहे. शेजारशेजारची दोन पाणलोट क्षेत्रं 1993 पासून मोजली, 2005-06 मध्ये एकातलं जुनिपर तोडलं, दुसऱ्यातलं ठेवलं. तोडलेल्या बाजूला झऱ्याचं पाणी वाढलं आणि भूजल जास्त दिवस टिकलं. जुनिपर तोडण्याचं दुसरं कारण सेज ग्राउस हा पक्षी. हिवाळ्यात तो जवळजवळ फक्त सेजब्रशची पानं खातो आणि वसंतात उघड्या माळावर नाचायला जमतो. पूर्व ओरेगनातल्या पाहणीत, जिथे जुनिपरचं आच्छादन शेकडा चारच्या वर गेलं तिथली नाचाची मैदानं ओस पडलेली आढळली. झाडावर शिकारी पक्षी बसतात, म्हणून त्याला झाड नको.

हे ऐकताच मावशी म्हणाली, "माळढोक." तिच्या डोळ्यांसमोर सोलापूरचं नान्नज होतं. तिथेही माळरानाला पडीक म्हणून त्यावर ग्लिरिसिडिया लावला गेला, आणि उघडा माळ हवा असणाऱ्या पक्ष्याची जागा आक्रसली. आपल्याकडे झाड लावणं हे पुण्य, आणि गवत म्हणजे जागा मोकळी. जुनिपर इथलंच झाड, ग्लिरिसिडिया बाहेरचा, एवढा फरक आहे. पण दोन्हीकडे गवताच्या बाजूने बोलणारे थोडेच.

तरी आमचं पूर्ण एकमत झालं नाही. माझं म्हणणं, खोल मातीतलं तरुण जुनिपर काढावं, नाहीतर सेजब्रशचा समाज डोळ्यांदेखत जाईल. मावशीला धास्ती वेगळीच. यंत्रं फिरली की तो काळा पापुद्रा तुटतो, उघडी माती दिसली की चीटग्रास घुसतं. "आधी खाली गुच्छ शिल्लक आहेत का बघा, मग वरचं तोडा," असं ती हूडच्या चढापर्यंत सांगत होती. मला ते पटलं आहे. गवत उरलेलंच नसेल तिथे झाडं पाडून माळ परत येणार नाही, चीटग्रास मात्र नक्की येईल.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: मे महिन्याचा मध्य ते जूनचा पहिला आठवडा फुलांसाठी चांगला. सेजब्रशला स्वतःला फुलं येतात ती ऑगस्ट-सप्टेंबरकडे, तेव्हा रॅबिटब्रशचं झुडूपही पिवळं असतं, पण ज्यांना परागकणांचा त्रास आहे त्यांनी ते दिवस टाळावेत. कोव्ह पॅलिसेड्सला गाडी लावायचं शुल्क आहे. बॅडलँड्स आणि हॉर्स रिजला पाणी अजिबात नाही, माणशी तीन लिटर घ्या. बॅडलँड्सच्या कडेची ड्राय रिव्हर घळ शिकारी पक्ष्यांच्या विणीसाठी 1 फेब्रुवारी ते 31 ऑगस्ट बंद असते. दहा पट मोठं करणारं भिंग जवळ ठेवा, वाळूच्या आखलेल्या वाटेवरूनच चाला, आणि वाट सोडावीच लागली तर खडकावर पाय द्या, काळ्या मातीवर नको.